हातचं वाजवणं

मामा, आज अकरावा दिवस. दहावं-तेरावं आपल्यात नाही. पुण्यानुमोदन झालं, भंतेजी गेले, हसनाबादचे पाहुणे गेले, मामीनं सतरंज्या धुऊन वाळत घातल्या. दिवस मोजायचं खरं तर काही कारण नाही. पण मी मोजतेय, कारण अकरा दिवस झाले आणि मी ती फाइल उघडलेली नाही. रोज संध्याकाळी लॅपटॉप सुरू करते, तुझं नाव असलेल्या फोल्डरपर्यंत जाते आणि चहा ठेवायला उठते. एवढा चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला लागेन आणि तू म्हणशील, बटनवाली मुद्द्याला बगल देऊन राह्यली.

मुद्दा असा. त्या फोल्डरमध्ये दोन फायली आहेत. एकीचं नाव ‘मामा कच्चं’, दुसरीचं ‘मामा साफ’. दोन्हींत तुझी गिटार आहे, तीच चाल, तोच दुपारचा वेळ. आमच्या नव्या अल्बमचं सहावं गाणं त्यातल्या एकीवर उभं राहायचंय. कोणत्या फायलीवर, ते तुझ्या मते ठरलेलं होतं. माझ्या मते भांडण अर्धं राहिलं होतं. आता तू नाहीस, भांडण तसंच आहे, आणि गाणं या आठवड्यात लोकांपुढं जायचंय.

आपली भांडणं तरी किती जुनी. मी बारावीत होते. तू मला तुमच्या बँडच्या तालमीला घेऊन गेलास, बियाण्याच्या त्या रिकाम्या गोदामात. दिवसभर आयटीआयमध्ये वायरमनचं शिकणाऱ्या पोरांवर ओरडून तुझा घसा बसलेला असायचा, आणि संध्याकाळी गिटार गळ्यात घातली की तोच माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा. मी कोपऱ्यात पोत्याला टेकून ऐकत होते. मधेच विचारलं, हे सगळं कॉम्प्युटरवर करता येत नाही का? तुझा ड्रमर प्रशांत हसला. तू हसला नाहीस. म्हणालास, “येतंय. पण गाणं हातचं पाहिजे.”

हातचं. बाकीचे लोक अस्सल म्हणतात, लाइव्ह म्हणतात, तुझा शब्द हा. हातानं वाजवलं ते गाणं, बटनातून आलं ते सामान. मी तुला चिडवायची, हातचं म्हणजे बेरजेतला हातचा एक, की लोक हातचं राखून बोलतात ते? तुला ते बिलकुल आवडायचं नाही. राखायचं काही नसतं, सगळं देऊन मोकळं व्हायचं असतं, म्हणायचास.

मग मी आजोबांना मधे आणायची. जन्मभर जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवलेला माणूस. तू पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी आणलीस तेव्हा त्यांनी तिची वायर उपसली, तार छेडून बघितली आणि म्हणाले, वायर काढली की मुकं होतंय, असलं कसलं वाद्य. हे ऐकवलं की तू हसायचास, आणि हसून झालं की म्हणायचास, बाबांचं वेगळं. प्रत्येकाच्या बाबांचं वेगळंच असतं, मामा. आपलं तेवढं खरं.

माझा मित्र समीर आणि मी मिळून गाणी करायला लागलो, जोडीचं नाव ‘डीपी’ ठेवलं, तेव्हा तू आठवडाभर हसत होतास. शहरातल्या पोरांना वाटायचं मोबाइलवरचा फोटो. आपल्याकडं कुणाला समजवावं लागलं नाही, गावाबाहेर जळून बसलेली असते तीच विजेची डीपी. माझं पहिलं गाणं लॅबमधल्या, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राच्या आवाजावर केलं होतं. तू ते डोळे मिटून पूर्ण ऐकलंस. मला वाटलं, जिंकले. तू हेडफोन काढलास.

“चांगलं हाय माय. पण ह्याला भेव वाटत न्हाई. माणूस वाजवतो तव्हा चुकायचं भेव असतंय. मशीनला कशाचं भेव?”

मी तेव्हा तावातावानं बोलले, की भीती मला वाटते ना, बटन दाबणाऱ्या बोटाला वाटते. तू मान हलवलीस, पण पटलं नव्हतं. ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक गाण्यात मी आधी तेच शोधते, ह्याला भेव वाटतंय का.

आणि मग तो रविवार. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या बोटांतून, दंडांतून रक्त काढते, त्यामुळं घरातल्या सगळ्यांच्या साखरेचा ठेका माझ्याकडं. तुझी साखर बघायला मी सकाळीच तुझ्याकडं आले होते. तू डावा हात पुढं केलास आणि पेपर वाचत बसलास. थोड्या वेळानं पेपरातून डोकं न काढता म्हणालास, “टोच ना जल्दी, मला तालमीला जायचंय.”

मी टोचलं होतं, मामा. रक्ताचा थेंब बोटावर आलेला होता.

तू पेपर बाजूला ठेवलास. दोघंही त्या थेंबाकडं बघत राहिलो. मी शेजारच्या बोटाला सुई लावली, मग त्याच्या शेजारच्या. तू प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघत होतास, मी टोचलं की नाही हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायला. आत स्वयंपाकघरात मामी भाकऱ्या थापत होती. तू एवढंच म्हणालास, तिला सांगू नको. पाय बधिर होणं वर्षभर आधीच सुरू झालं होतं, तेही मला त्या दिवशी कळलं. गिटारच्या तारेनं बोट कापलं तरी तुला समजत नव्हतं, सुरांच्या पट्टीवर लाल दिसलं की समजायचं.

तेव्हापासून मी रोज सकाळी दात घासायच्या आधी टाचणीनं माझं बोट टोचून बघते. आजीला साखर, तुला साखर, माझी आईही गोळ्या खाते. दुखलं की बरं वाटतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कॉलेजच्या मैदानावरचा कार्यक्रम तीन दिवसांवर आला तेव्हा तू माझ्या खोलीवर आलास. दार लावून घेतलंस. बाकीची गाणी तू चार माणसांच्या गोंगाटात निभावून नेणार होतास. पण सुरुवातीचा तो एकट्याचा तुकडा, ज्यासाठी लोक टेंभुर्णीहून, भोकरदनहून मोटारसायकली काढून यायचे, तो बोटांना जमत नव्हता. माझ्याकडं गोदामातल्या तालमींचं जुनं रेकॉर्डिंग होतं. तुझंच, बोटं बरी होती तेव्हाचं. ते पडद्यामागून लावायचं आणि तू पुढं उभं राहून नुसता हात फिरवायचा. हे तू बोललास. मी नाही. मला तर ते ऐकताना कानातून धूर निघाल्यासारखं झालं.

तू विचारलंस, “हे माझंच हाय ना? मंग खोटं कसं?”

सात-आठ वर्षांच्या भांडणात एवढा सोपा डाव तू मला कधी दिला नव्हतास. मी एक वाक्य बोलले असते तर कायमची जिंकले असते. पण तुझा चेहरा बघून मला जिंकायची भीती वाटली. मी म्हटलं, तुझंच आहे. तू म्हणालास, मंग झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि उठून गेलास, चहासुद्धा न घेता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी पडद्यामागं खुर्चीवर बसले होते, लॅपटॉप मांडीवर. प्रशांतलासुद्धा ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं मी दिव्यांचं काहीतरी बघतेय. तू एकटा पुढं गेलास. मी बटन दाबलं. तुझी बोटं तारांना न लागता फिरत होती, आणि आवाज बराबर त्यांच्याबरोबर चालला होता.  आणि लाइट गेली.

सगळं मैदान काळं. स्पीकर मुके. लोक ओरडायला लागले. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, पडद्यावरची रेघ पुढं पुढं सरकत होती, आणि माझ्या हातून जगातली सगळ्यात साधी गोष्ट झाली नाही. मी ते थांबवलं नाही. बोट बटनावर होतं आणि बोट हललं नाही. अर्ध्या मिनिटानं जनरेटर धडधडला, दिवे आले, आणि गिटार एकदम मधूनच सुरू झाली, तू अजून मागच्याच जागी असताना. तुझा हात एकीकडं, आवाज दुसरीकडं. तू क्षणभर थबकलास. मग लोकांकडं पाठ केलीस आणि ॲम्प्लिफायरवर वाकलास. मला तेव्हा तुझं तोंड दिसत होतं. लोकांना दिसत नव्हतं.

लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. मला वाटलं, आता दगड येतील. मला कळलंच नाही शिट्ट्या कशाच्या आहेत ते.

तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. मीही फोन केला नाही. चूक माझी होती, बटन माझ्या बोटाखाली होतं, पण माफी मागायची तर त्या रात्रीचं नाव काढावं लागलं असतं. मग एका दुपारी तू गिटार घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, “तुझ्या त्या अल्बममधी माझ्यासाठी जागा हाय का?” मी सहाव्या गाण्यातलं सगळं काढून टाकलं. सगळी बटनं. तू पलंगावर बसलास, मी माइक लावला.

तू वाजवलंस. एक सूर लागायच्या आधी बोट दोनदा जागा चाचपत होतं. तार मधेच खरखरत होती. एका ठिकाणी तू थांबलास, श्वास टाकलास, परत धरलंस. मामा, मी तुझं हजारदा ऐकलंय, गोदामातलं, मैदानावरचं, लग्नातलं. त्या दुपारी मला पहिल्यांदा त्यात भेव ऐकू आलं. तू मला जे शिकवलंस तेच. मी रडायला लागले आणि तुला वाटलं, इतकं वाईट झालं म्हणून.

मग भांडण झालं. आणि काय उलटं भांडण ते. हातचं हातचं म्हणणारा माणूस मला सांगत होता की ते मशीनमध्ये घालून सरळ कर, खरखर काढ, सूर जाग्यावर बसव. आणि बटनवाली म्हणत होती की हात लावणार नाही. तुझ्यासमोर मी दहा मिनिटांत साफ करून दाखवलं, निव्वळ रागानं, बघ, हे तुला पाहिजे का म्हणून. तू ऐकलंस आणि म्हणालास, हेच पाहिजे.

“माझा हात असा लोकाच्या कानावर जायला नको. शब्द दे.”

मी म्हटलं, बघते. तू म्हणालास, “बघू नको. कर.” जिना उतरताना तू कठडा दोन्ही हातांनी धरला होतास, ते मी वरून बघितलं आणि खाली आले नाही, राग होता म्हणून. चौथ्या दिवशी मामीचा फोन आला.

तो राग मला आता कुठं ठेवावा कळत नाही. दोन पायऱ्या उतरून तुझा दंड धरायला काय झालं होतं मला?

पुण्यानुमोदनाला प्रशांत बोलायला उभा राहिला. टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर झालाय तो आता, बोलतो छान. म्हणाला, आजकाल सगळं बटनावर चाललंय, पण आमच्या दादांनी जिंदगीत कधी ट्रॅक लावला नाही. आणि मग त्यानं ते सांगितलं. “लाइट गेली. सगळं बंद. पण दादांचा हात थांबला न्हाई. अंधारात, आवाज न्हाई काही न्हाई, तरी वाजवतच राह्यले. लाइट आली तव्हा बराबर पुढच्या जागेवर होते. ह्याला म्हणत्यात वाजवणं.” माणसं डोळे पुसत होती. मामीनं माझा हात धरला होता, तिला माझी बोटं गार पडलेली कळली असतील. तेव्हा मला त्या शिट्ट्यांचा अर्थ लागला. माझं न हललेलं बोट गावात तुझी कीर्ती होऊन बसलंय, मामा.

कार्यक्रम संपल्यावर प्रशांत माझ्याजवळ आला. रागानं नाही, हात जोडून. दादांची गिटार बटनाच्या गाण्यात घालू नका ताई, म्हणाला. आणि दादांच्या स्मरणिकेसाठी पानभर लिहून द्या.

वरचं सगळं लिहून मी चार दिवस थांबले. त्या चार दिवसांत जे झालं ते आता सांगते.

फाइल मला एकटीला उघडवेना, म्हणून मी लॅपटॉप घेऊन मामीकडं गेले. तिला काही सांगितलं नाही, मामाचं थोडं वाजवणं आहे, एवढंच. आधी ‘साफ’ लावली. ती ऐकत राहिली, चांगलं आहे म्हणाली, आणि मग विचारलं, “कोण वाजवून राह्यलं हे?”  मी ‘कच्चं’ लावली. पहिले दोन सूर झाले असतील. तिनं पदर तोंडाला लावला.

“हे त्यांचंच हाय,” ती म्हणाली. “बशीवर कप असाच वाजायचा. वर्षभर ऐकलाय मी. त्यांना वाटायचं, मला कळत न्हाई. मंग मीबी म्हटलं, वाटू दे त्यांना.”

मी तिला विचारलं, आता काय करू. त्याला हे लोकांनी ऐकलेलं नको होतं.  मामी म्हणाली, ते मला विचारू नको. उठली आणि पुन्हा एकदा लाव म्हणाली. तीन वेळा लावायला लावलं तिनं.

मी ‘साफ’ पुसून टाकली. तुझी आज्ञा मोडल्याची भरपाई कुठं करायची असते ते मला माहीत नाही. तू समोर असतास तर ओरडला असतास, गिटार उचलून निघून गेला असतास, पुन्हा दोन महिने बोलला नसतास. ते मी सहन केलं असतं. आता तू किती वर्षं बोलणार नाहीस ते मला ठाऊक आहे. तरी पुसली. त्या फायलीत तू नव्हतास, आणि तू नसलेलं एवढं सगळं आधीच आहे.

स्मरणिकेचं पान मी प्रशांतला दिलं. त्यात लाइट गेल्याचा प्रसंग आहे, तो सांगतो तसाच. सुईचं नाही, माझ्या खोलीवरच्या त्या बोलण्याचं नाही. हे लिहिलेलं त्यात नाही. हे तुला.

काल सकाळी सहावं गाणं सगळ्यांसाठी खुलं झालं. मी लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवत होते. दुपारपर्यंत समीरनं दोनदा सांगितलं की लोक ऐकतायत, काही शिव्याही आल्यात. मी फोन उलटा करून ठेवला. संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. नमस्कारसुद्धा केला नाही त्यानं.

म्हणाला, मी दादांच्या मागं पंधरा वर्षं ड्रम वाजवलाय, मला त्यांचा हात झोपेतसुद्धा ओळखू येतो. हा तो हात नाही. तुमच्या मशीननं त्याची पार माती केली. सूर घसरतायत, तार खरखरतेय, मधेच थांबतंय. त्याचा आवाज चढत गेला आणि मग एकदम रडवेला झाला. तुला माहितीय ना मामा, तो किती जीव लावून होता तुझ्यावर.

“तुम्ही तर घरच्या,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगा ताई. दादांचा हात असा कधी अडखळला का?”

अख्ख्या अल्बममध्ये ते एकच गाणं असं आहे ज्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. सांगितलं असतं तर पुढं कुणी मला बटनवाली म्हटलं नसतं. सुईपासून सगळं जिभेवर आलं होतं. पलीकडं तो वाट बघत होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही. ते माझ्या मशीननं बिघडवलं.”